एक मुलगी, दोन शाळा आणि पाच सल्लागार

प्रश्न : आमची मुलगी येत्या नोव्हेंबरात सहा वर्षांची होईल. जूनमध्ये तिला पहिलीत घालायचं की नाही, इथपासूनच घोळ आहे. घरापासून पायी दहा मिनिटांवर एक जुनी अनुदानित मराठी शाळा आहे. तिथे गणित आणि विज्ञान पुढे सेमी इंग्रजीत शिकवतात. दुसरी शाळा शहराबाहेर अकरा किलोमीटरवर. तिच्या नावात ‘इंटरनॅशनल’ आहे आणि माहितीपत्रकावर ‘सीबीएसई पॅटर्न’ असं छापलंय. मेहुणा म्हणतो, पुढे ‘नीट’ द्यायची तर सीबीएसईच हवं. आई म्हणते, लेकरू आधी मराठीत वाचायला शिकू दे. बायकोला शाळा जवळ हवी. शेजारचे काका म्हणतात, थांबलात तर वर्ष फुकट जाईल. मला स्वतःला दहावीचा निकाल शंभर टक्के असलेली शाळा खात्रीची वाटते. त्यात नव्या शाळेने आम्हा दोघांना मुलाखतीला बोलावलंय आणि माझं इंग्रजी यथातथाच आहे. कोणाचं ऐकावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या घरात पाच मतं आहेत, पण अडचण ती नाही. पाच जण पाच वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत आणि प्रत्येकाला वाटतंय की सगळे एकाच विषयावर बोलताहेत. मेहुण्याच्या डोळ्यांसमोर अठरा वर्षांची मुलगी आहे, तुमच्या आईच्या डोळ्यांसमोर साडेपाच वर्षांची, आणि पत्नीच्या डोळ्यांसमोर रोज सकाळची डबा-दप्तराची धावपळ. सगळेच आपापल्या जागी थोडे थोडे बरोबर आहेत. तेव्हा एकेक शंका सुटी करून पाहू. सोपी आधी घेऊ.

मुलाखतीचं अजिबात मनावर घेऊ नका. आपण ज्याला आरटीई म्हणतो तो बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ सालचा, आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. त्याच्या तेराव्या कलमानुसार प्रवेश देताना मुलाची किंवा आईवडिलांची कसलीही चाळणी लावता येत नाही. जागा कमी आणि अर्ज जास्त असतील तर सोडत काढायची, निवड करायची नाही. नियम मोडला तर पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत आणि पुढे प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. प्रवेशासाठी देणगी उकळली तर दंड त्या रकमेच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. यातून अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा तेवढ्या वगळल्या गेल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तसा निकाल दिला. काही शाळा आता मुलाखत न म्हणता ‘इंटरॅक्शन’ म्हणतात. कायद्याला नावाशी कर्तव्य नाही.

बोलावलंय तर जरूर जा, पण मराठीतच बोला. तुमच्या मराठीला समोरून कसा प्रतिसाद मिळतो ते नीट पाहा. जी शाळा वडिलांच्या मराठीने अवघडते, ती मुलीच्या मराठीचं काय करील याचा अंदाज तुम्हाला तिथेच येईल.

आता काकांचं ‘फुकट जाणारं वर्ष’. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला मुलाची सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. तुमची मुलगी नोव्हेंबरची, म्हणजे या जूनमध्ये तिला प्रवेश मिळू शकतो. पण मिळू शकतो म्हणजे घ्यायलाच हवा असं नाही. केंद्रीय विद्यालयांत तर ३१ मार्चलाच सहा पूर्ण लागतात. तिथे तिला या वर्षी दारातूनच परत पाठवलं असतं.

जूनमध्ये ती पाच वर्षं सात महिन्यांची असेल आणि तिच्या शेजारी बसलेली जानेवारीतली मैत्रीण तिच्याहून दहा महिन्यांनी मोठी. मोठ्यांच्या जगात दहा महिने काहीच नाहीत, पण साडेपाच वर्षांच्या आयुष्यात ते फार मोठे. बोटांची पकड, एका जागी बसणं, सांगितलेल्या दोन गोष्टी क्रमाने लक्षात ठेवणं, हे सगळं या महिन्यांतच भराभर पक्कं होत असतं. मग होतं काय, की वयाने लहान असलेलं मूल वर्गात मागे दिसतं. बाई ‘जरा मंद आहे’ म्हणतात, घरी शिकवणी लागते आणि मूलही स्वतःला तसंच समजू लागतं. खरं तर त्याला फक्त थोडं मोठं व्हायचं असतं.

म्हणून तारखेपेक्षा मुलीकडे पाहा. काल काय घडलं ते ती क्रमाने सांगते का? फ्रॉकची बटणं स्वतः लावते का? घरच्यांशिवाय तीन-चार तास रमते का? तिन्हींची उत्तरं डळमळीत असतील तर मोठ्या गटात आणखी एक वर्ष काढू द्या. माझा कल नोव्हेंबर-डिसेंबरच्या मुलांना थांबवण्याकडेच आहे. बारावीला साडेसतरा ऐवजी साडेअठरा वर्षांची असल्याने कोणाचं काही अडलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

‘सीबीएसई पॅटर्न’बद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवं, कारण या दोन शब्दांवर पालकांचे बरेच पैसे खर्च होतात. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी शाळा एक तर संलग्न असते किंवा नसते. पॅटर्न नावाची मधली पायरी मंडळाकडे नाही. संलग्न असेल तर तिला संलग्नता क्रमांक असतो, आणि ती संलग्नता कितवीपर्यंतची आहे तेही ठरलेलं असतं. माहितीपत्रकावर क्रमांक नसून नुसता ‘पॅटर्न’ असेल, तर बहुतेक वेळा अर्थ इतकाच असतो की वर्गात एनसीईआरटीची पुस्तकं वापरतात. ती पुस्तकं कोणालाही दुकानात मिळतात आणि चांगलीही आहेत. पण दहावीला मुलं कोणत्या मंडळाच्या परीक्षेला आणि कोणत्या शाळेच्या नावाने बसणार, हा प्रश्न त्याने सुटत नाही. ‘संलग्नता येईलच’ या उत्तरावर विसंबू नका. पहिलीला घेतलेला प्रवेश दहा वर्षांचा असतो, आणि ‘येईलच’ला तारीख नसते.

तपासायचं कसं? मान्यताप्राप्त प्रत्येक शाळेला अकरा अंकी यूडायस क्रमांक असतो. तो मागून घ्या आणि यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर टाका. शाळेत शिक्षक किती, वर्गखोल्या किती, स्वच्छतागृहं किती, सगळं दिसतं. सीबीएसईशी संलग्न शाळांना आगीपासून सुरक्षिततेचं प्रमाणपत्र, इमारतीचं प्रमाणपत्र, शिक्षकांची माहिती आणि निकाल आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावेच लागतात. मान्यतेशिवाय शाळा चालवणं हा गुन्हा आहे आणि त्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तरीही अनधिकृत शाळांच्या याद्या शिक्षण विभागाला दरवर्षी काढाव्या लागतात. तुमच्याकडे महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात एक चक्कर मारलीत तर अर्ध्या तासात निकाल लागेल. ‘इंटरनॅशनल’चं तर विचारूच नका. जिनिव्हाचं आयबी किंवा केंब्रिज यांच्याशी खरोखर जोडलेल्या शाळा वेगळ्या असतात आणि त्यांच्या शुल्काचा आकडा ऐकल्यावर ते आपोआप कळतं. बाकी ठिकाणी हा शब्द पाटीवरच राहतो.

आता मेहुण्याची ‘नीट’. तिचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांशी जवळचा आहे, हे त्याचं म्हणणं खरं. पण त्यातलं ‘अकरावी-बारावी’ तो विसरतोय. अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्राच्या प्रवेशासाठी आपल्याकडे जी एमएचटी-सीईटी होते, ती राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर असते. त्यातही बारावीचा भाग ८० टक्के. सीबीएसईतून दहावी झालेली कितीतरी मुलं महाराष्ट्रात अकरावीला राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयात येतात आणि राज्य मंडळातलीही मुलं नीट उत्तीर्ण होतातच. म्हणजे हा फाटा दहावीनंतर येतो. शिवाय राज्यानेही २०२५-२६ पासून पहिलीची पुस्तकं नव्या आराखड्यानुसार बदलायला घेतली आहेत आणि पुढच्या इयत्ता टप्प्याटप्प्याने बदलताहेत. तुमची मुलगी बारावीला पोचेपर्यंत या परीक्षांचं रूप काय असेल ते सांगणारा ज्योतिषी मेहुण्याला भेटला असेल तर मलाही पत्ता कळवा. पहिलीच्या मुलीसाठी मंडळाचा प्रश्न जवळजवळ गैरलागू आहे. अपवाद एकच : तुमची नोकरी बदलीची असेल आणि चार राज्यांत फिरावं लागणार असेल, तर सीबीएसई सोयीचं पडतं.

शंभर टक्के निकालाचा तुमचा स्वतःचा आधारही जरा ठोकून पाहू या. निकाल म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी किती पास झाले. बसले किती, हे फलकावर नसतं. नववीतच कच्च्या मुलांना ‘तू सतरा नंबरचा फॉर्म भर’ असं सुचवायची चाल काही शाळांत आहे. तो फॉर्म बाहेरून, म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून, परीक्षेला बसण्याचा. मुलगा परीक्षा देतो, पण त्याचं नापास होणं शाळेच्या निकालात दिसत नाही. म्हणून टक्केवारी विचारू नका. ‘गेल्या वर्षी नववीत किती मुलं होती आणि त्यातली दहावीला तुमच्याकडून किती बसली?’ असं विचारा. उत्तर द्यायला मुख्याध्यापकांना रजिस्टर मागवावं लागलं तरी चालेल. पण विषय बदलला गेला, तर काय समजायचं ते समजा. याउलट, घरात पुस्तक नसलेल्या, शिकवणी न परवडणाऱ्या मुलांना घेऊन नव्वद टक्के निकाल लावणाऱ्या शाळेने शंभर टक्केवालीपेक्षा जास्त काम केलेलं असू शकतं.

इथे एका प्रयोगाची आठवण काढायलाच हवी. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ सालापासून आंध्र प्रदेशातल्या खेड्यांत तो केला. सरकारी शाळेतल्या, खाजगीत जायची इच्छा असलेल्या मुलांच्या नावांची सोडत काढली. ज्यांचं नाव निघालं त्यांच्या खाजगी शाळेचा खर्च प्रयोगातून भरला, ज्यांचं नाही निघालं ती आहेत तिथेच राहिली. सोडतीमुळे दोन्हीकडची घरं सारखीच. त्यामुळे पुढे दिसणारा फरक शाळेचाच, घराचा नव्हे. दोन वर्षांनी आणि पुन्हा चार वर्षांनी मुलांना तपासलं, तेव्हा तेलुगू आणि गणितात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. हिंदीत खाजगी शाळांतली मुलं पुढे होती; सरकारी प्राथमिक शाळांत हिंदी शिकवतच नव्हते, म्हणून. खाजगी शाळांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. तिथे दर मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता आणि तेलुगू-गणिताला वेळही कमी दिला जात होता. एवढ्यात त्यांनी तितकंच शिकवलं.

ही खेड्यातल्या स्वस्त खाजगी शाळांची गोष्ट आहे, शहरातल्या लाखभर शुल्काच्या शाळांची नव्हे. पण आपल्याला खाजगी शाळेत जास्त हुशार मुलं दिसतात, त्यातला मोठा वाटा ती कोणत्या घरांतून येतात याचा असतो, एवढं त्यातून स्पष्ट दिसतं. तुमची मुलगी कोणत्याही शाळेत गेली तरी तुमच्याच घरातून जाणार आहे.

म्हणजे शाळेने काहीच फरक पडत नाही का? पडतो, आणि सर्वांत जास्त पहिल्या दोन-तीन वर्षांत पडतो. पण तो पाटीमुळे पडत नाही, वर्गात काय चालतं त्यामुळे पडतो. इथे तुमच्या आईंचा मुद्दा येतो.

मूल वाचायला शिकतं म्हणजे नेमकं काय करतं? अक्षरांचे आवाज जोडून एक शब्द उच्चारतं, आणि तो शब्द आपल्या ओळखीचा निघाला की त्याचा चेहरा उजळतो. वाचनाची गोडी त्या क्षणात असते. तो शब्द आधीपासून कानात असेल तरच हे घडतं. घरी ज्या भाषेचं वाक्यही कानावर पडत नाही, त्या भाषेत अक्षरं जोडली की आवाज निघतो, पण ओळख पटत नाही. मग मूल घडाघडा वाचतं आणि अर्थ विचारला की आपल्या तोंडाकडे पाहतं. गणितातही तेच. ‘टोपलीत बारा आंबे होते, तीन नासले, उरले किती’ हे भाषा येणाऱ्या मुलाला वजाबाकीचं एकच कोडं वाटतं. भाषा न येणाऱ्याला ती दोन कोडी असतात, आणि पहिलंच न सुटल्याने दुसऱ्यापर्यंत ते पोचत नाही. आपण मात्र ‘त्याचं गणित कच्चं आहे’ म्हणून मोकळे होतो.

युनेस्कोने सुरुवातीचं शिक्षण मातृभाषेतून द्यावं अशी शिफारस १९५३ साली केली. आरटीई कायदा शक्य तितकं मातृभाषेतून शिकवा म्हणतो. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण निदान पाचवीपर्यंत आणि जमल्यास आठवीपर्यंत तसंच सुचवतं. एवढं सगळीकडे लिहिलेलं असून पालक इंग्रजी माध्यमाच्या रांगेत उभे राहतात, त्याला मी त्यांची फॅशन म्हणणार नाही. इंग्रजीवाचून पुढे अडतं, हे त्यांनी कचेरीत, मुलाखतीत, स्वतःच्या अंगावर अनुभवलेलं असतं. तुम्हीच पत्रात तुमच्या इंग्रजीबद्दल लिहिलंय. चूक होते ती पुढच्या पायरीवर. इंग्रजी यायला हवं, म्हणून सगळे विषय इंग्रजीतून हवेत, असं आपण धरून चालतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००० सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवतात, आणि तुमच्या जवळच्या शाळेत पुढे सेमी इंग्रजी आहेच. चौथी-पाचवीपर्यंत मराठीत नीट वाचू-लिहू लागलेल्या मुलीला गणिताच्या इंग्रजी संज्ञा उचलायला फार वेळ लागत नाही.

आणि ज्याला आपण इंग्रजी माध्यम म्हणतो ते अनेक वर्गांत प्रत्यक्षात कसं असतं, ते पाहिलंय का? बाई समजावतात मराठीतून, फळ्यावर उत्तर लिहितात इंग्रजीतून, मुलं उतरवून घेतात आणि घरी पाठ करतात. समजलेलं एका भाषेत आणि लिहायचं दुसऱ्या भाषेत; दोन्हींच्या मधल्या जागेत पाठांतर येऊन बसतं. जिथे बाई स्वतः सहज इंग्रजी बोलतात आणि मुलांना बोलतं करतात अशाही शाळा आहेत. तिथे घरी मराठी बोलणारी मुलंसुद्धा छान शिकतात. पण त्या ओळखायला पाटी उपयोगाची नाही.

आईंनाही एक गोष्ट सांगा. फाटकावर ‘विद्यामंदिर’ लिहिलंय म्हणून आत मराठी चांगलं शिकवत असतील असंही नाही. फलटणचं कमला निंबकर बालभवन, कोल्हापूरचं सृजन आनंद विद्यालय, पुण्याची अक्षरनंदन अशा मराठी शाळांचं नाव झालं ते माध्यमाच्या जोरावर नव्हे, तर वर्गात विचारपूर्वक केलेल्या कामामुळे. त्यांच्याच काळात मुलांना कवायतीसारखे पाढे घोकायला लावणाऱ्या मराठी शाळाही होत्या आणि अजून आहेत.

मग वर्गात काय चालतं ते बाहेरच्या माणसाला कळायचं कसं? शाळा चालू असताना जा. प्रवेशाच्या दिवसांत फुगे लावलेले असतात तेव्हा नको. दुसरीच्या वर्गातल्या वह्या पाहायला मागा. तुमच्या हातात सर्वांत सुंदर वही येईल. भाजीवालाही टोमॅटो मांडताना तसंच करतो. ती कौतुकाने पाहून परत द्या आणि गठ्ठ्याच्या मधल्या चार वह्या उघडा. ‘माझी आई’ या विषयावर चारही मुलांनी तीच सात वाक्यं त्याच क्रमाने लिहिली असतील, चारही आया सकाळी लवकर उठत असतील आणि चौघींनाही निळी साडी आवडत असेल, तर लिहिलंय बाईंनी आणि उतरवलंय मुलांनी. एकीची आई लिज्जतचे पापड लाटते आणि तिने ‘पापड’मधला ‘ड’ उलटा काढलाय, बाईंनी तो न खोडता शेजारी नीट काढून दाखवलाय, असं काही दिसलं तर ती शाळा मुलाला लिहायला शिकवते आहे. चुका कुठे आहेत हे पाहू नका, त्या असायच्याच. त्यांचं पुढे काय होतं ते पाहा. पानभर नुसत्या तांबड्या बरोबरच्या खुणा असतील आणि खाली ‘गुड’ असेल, तर ती वही वाचलेलीच नाही.

वह्यांनंतर मुख्याध्यापकांना दोन प्रश्न विचारा. पहिला : ‘डिसेंबरपर्यंत एखाद्या मुलाला वाचता आलं नाही तर तुम्ही काय करता?’ ‘आमच्याकडे असं होत नाही’ हे सर्वांत वाईट उत्तर, कारण असं सगळीकडे होतं. ‘पालकांना बोलावतो, शिकवणी लावायला सांगतो’ हे त्याहून थोडंसं बरं. म्हणजे काम तुमचं, शुल्क त्यांचं. ‘रोज मधल्या सुट्टीआधी अर्धा तास त्या पाच जणांना वेगळं घेऊन बसतो’ असलं ठोस उत्तर मिळालं तर पुढे बोलायला हरकत नाही. दुसरा प्रश्न : ‘पहिलीच्या बाई किती वर्षं इथे आहेत?’ दरवर्षी बाई बदलणाऱ्या शाळेत रोबोटिक्सची प्रयोगशाळा असली तरी मुलांना ओळखणारं कोणी नसतं. त्याच ओघात पहिलीच्या वर्गाचा पटही विचारा. पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक, असं कायद्यातलं प्रमाण आहे.

निघताना मुलींचं स्वच्छतागृह पाहा आणि नळ सोडून पाहा. ग्रंथालयाचं कपाट पाहा. काचेमागे पुस्तकं कोरी करकरीत असतील आणि कुलपाची किल्ली शिपायाला शोधावी लागत असेल, तर ती पाहुण्यांसाठी आहेत.

पत्नीचा मुद्दा तुम्ही बहुधा आळसात जमा केला असेल. माझ्या मते तो तुमच्या सर्व सल्लागारांत सर्वांत वजनदार आहे. अकरा किलोमीटर म्हणजे गाडीने वीस-पंचवीस मिनिटं. पण शाळेची बस तुमच्या एकट्यांच्या दारातून सुटून थेट शाळेत जात नाही. थांबे घेत घेत जाताना तासही मोडतो आणि येतानाही तोच. राज्याच्या नियमांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं म्हटलंय ते उगीच नव्हे. २०२४ साली सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत अशी सूचना काढली, ती मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून. बसमध्ये दोन तास काढणाऱ्या मुलीची झोप कुठून पुरी होणार? शिवाय कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं अपेक्षित आहे. भागाकार केलात तर दिवसाला चार तास येतात. माहितीपत्रकातली आठ ते चारची शाळा या चार तासांहून जास्त काय देते, ते एकदा शांतपणे विचारून घ्या. घोडेस्वारी हे उत्तर आलं तर आठवड्यातून किती मिनिटं प्रत्यक्ष घोड्यावर, तेही विचारा.

जवळच्या शाळेचा आणखी एक फायदा कोणी सांगत नाही : वर्गातली मुलं गल्लीतच राहतात. संध्याकाळी खेळायला तीच, आजारी पडली तर अभ्यास सांगायलाही तीच. ताप आला असा निरोप आला तर आजी चालत जाऊन घेऊन येऊ शकते. आणि पालकसभेला तुम्ही खरोखर हजर राहता.

शुल्काचं थोडक्यात. अनुदानित शाळेत तो प्रश्न किरकोळ आहे. नव्या शाळेत मात्र पहिल्या वर्षाचा आकडा पाहून ठरवू नका. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे शुल्क मंजूर व्हावं लागतं, आणि एकदा ठरलेलं शुल्क दोन शैक्षणिक वर्षं टिकतं. समितीतले पालक सोडतीने येतात, संस्थेच्या मर्जीने नव्हे. मंजूर शुल्काचा तक्ता मागा. त्यात बस, गणवेश, पुस्तकं, स्नेहसंमेलनाचा पोशाख हे धरून, पाचवीतल्या एखाद्या पालकाला प्रत्यक्ष खर्च विचारा.

आता तुम्ही विचाराल, की तुम्ही असता तर काय केलं असतं? मी मुलीला एक वर्ष थांबवलं असतं, आणि त्या वर्षात जवळच्या शाळेच्या वह्या पाहून आलो असतो. मधल्या चार वह्या बऱ्या निघाल्या तर तिथेच घातलं असतं. त्या निळ्या साडीच्या निघाल्या तर दोन-तीन किलोमीटरच्या परिघात आणखी शाळा पाहिल्या असत्या, महापालिकेच्या शाळेसकट. अकरा किलोमीटरवरच्या शाळेचा विचार तिच्याकडे संलग्नतेचा क्रमांक आल्यावर केला असता, आणि तोही मुलगी पाचवीत गेल्यावर.

आणि निवड चुकली तर? तुमच्या पत्रात शेवटी न विचारलेला प्रश्न हाच आहे. पहिलीचा निर्णय बदलता येतो. शाळा बदलायची झाली तर शक्यतो वर्ष संपल्यावर बदला, आणि माध्यम बदलायचं असेल तर त्याआधीची सुट्टी त्या भाषेला द्या. मराठीतून इंग्रजीत जाणं पाचवीला बरंच सोपं पडतं, कारण तोवर वाचणं हाताशी आलेलं असतं. उलट दिशेने येणारी मुलंही असतात. २०२० च्या कायद्यामुळे सर्व मंडळांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा झाला असल्याने त्यांची पाटी अगदीच कोरी नसते. आठवीपर्यंत दुसऱ्या शाळेत जायचं असेल तर मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. ‘थकबाकी भरा, मग दाखला’ असं कोणी म्हणालं, तर नव्या शाळेत अर्ज देऊन टाका आणि दाखल्यासाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागात लेखी तक्रार करून पोच घ्या.